कुंपणाआतली पावलं

१

भिंगरी पाण्यात सापडली तेव्हा कुंपणाचं फाटक बंद होतं. सगळा घोळ त्या बंद फाटकाचाच होता.

चार वर्षांची पोर. दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची म्हणून आई तिला भिंगरी म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. आई शिवणकाम करून पोट भरणारी. दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यामागे दोन खोल्या होत्या, तिथं ती लेकीला घेऊन भाड्यानं राहायची. बंगल्याच्या बाजूला डॉक्टरांचा खाजगी पोहण्याचा तलाव. त्याच्याभोवती माणसापेक्षा उंच, उभ्या गजांचं हिरवं कुंपण आणि कुंपणाला एकच फाटक. फाटकाचा खटका इतका वर की चार वर्षांच्या मुलीनं कितीही उड्या मारल्या तरी हात पोचायचा नाही.

तिन्हीसांजेला डॉक्टर दवाखान्यातून परतले आणि त्यांना पोर पाण्यावर दिसली. जाळीच्या लांब काठीनं त्यांनी तिला काठाशी ओढलं आणि हाका मारल्या. आई धावत आली. फाटक बंद होतं, खटका वर ओढूनच आत जावं लागलं, असं तिनं पोलिसांना रडत रडत पण ठामपणे सांगितलं. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग बंद फाटकातून पोर आत गेली कशी?

पोलिसांनी लगेच उत्तर काढलं. त्या दुपारी तलाव साफ करणारा माणूस येऊन गेला होता. आळीत त्याला क्लोरीनवाला म्हणतात. तो आत शिरताना पोर त्याच्या मागोमाग शिरली असणार. त्याचं लक्ष नसणार. जाताना तिला आत ठेवूनच त्यानं फाटक लोटलं असणार. एवढ्या 'असणार'वर माणूस कोठडीत जाऊन बसला. दोषी ठरला तर तुरुंग होताच, आणि सुटला तरी पोर बुडवणाऱ्याला पुन्हा कोण आपल्या तलावाला हात लावू देणार?

मी नगरपालिकेची तलाव-तपासनीस. घरी तलाव बांधायची हौस असलेल्यांना कुंपणाचं नाव काढलं की आठ्या पडतात, त्यामुळे माघारी लोक मला कुंपणबाई म्हणतात. म्हणोत बापडे. पोलिस अधिकाऱ्याला माझ्याकडून एवढंच लिहून हवं होतं, की मालकानं कुंपण नियमाप्रमाणे ठेवलं होतं. म्हणजे मालक सुटला आणि क्लोरीनवाला अडकला.

"सही करून टाका, बाई. फाटक तर ठणठणीत आहे," तो म्हणाला.

फाटक खरंच ठणठणीत होतं. नियमाप्रमाणे ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं. डॉक्टरांनी आता घातलेली साखळी काढायला लावून मी ते पूर्ण उघडून सोडलं, अर्धं उघडून सोडलं, बोटभर फट ठेवून सोडलं. दर वेळी स्प्रिंगनं ते आपोआप मिटलं आणि खटका पडला. आसपास चढायला खुर्ची नाही, कुंडी नाही, झाडाची फांदी नाही. असं कुंपण मी फार थोड्या घरी पाहिलंय. एरवी लोक कुंपण बांधतात आणि शेजारीच बाकडं ठेवतात.

सही करायला पेन काढलं आणि पाण्याकडे नजर गेली. कोपऱ्यातल्या रुंद पायऱ्यांपाशी रबराचं एक जुनं, रंग विटलेलं बदक तरंगत होतं.

पोरांना पाण्याकडे ओढेल असं खेळणं तलावात ठेवायचं नाही, हा आमचा अगदी पहिला धडा. इतकं कडेकोट कुंपण बांधणारा माणूस पाण्यात बदक कसं सोडेल?

"पोरीचंच असेल," अधिकारी म्हणाला.

मी पेन पुन्हा खिशाला लावलं.

२

डॉक्टर हात धूत होते. मी पोचले तेव्हा धूत होते, बोलता बोलता उठून पुन्हा धुऊन आले. दिवाणखान्यात एका लहान मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"ही आमची ठकी," ते म्हणाले. "आळीनं तुम्हाला सांगितलंच असेल."

सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी त्याच तलावात डॉक्टरांची एकुलती एक मुलगी गेली होती. तेव्हा कुंपण नव्हतं. कुंपण उभं राहिलं ते नंतर, म्हणजे वरातीमागून घोडं. आळीतली माणसं आता म्हणत होती की तो तलाव माणूस मागतो. पाण्याला भूक असते म्हणे. मला असल्या गोष्टींचा राग येतो. पाण्याला भूक लागत नाही, माणसांना झोप लागते.

"तलाव तेव्हाच बुजवला का नाहीत?" मी विचारलं.

"हिनं बुजवू दिला नाही." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "म्हणाली, ती तिथं आहे. तिच्यावर माती घालू नका."

मी कामाचं विचारलं.

"पंचनाम्यात लिहिलंय, त्या दिवशी तुमची बॅग फाटकाच्या बाहेर पडलेली होती. म्हणजे दवाखान्यातून आलात ते घरात न जाता सरळ तलावाकडे गेलात. का?"

"आवाज आला."

"कसला?"

"पाण्याचा. कुणीतरी हातपाय मारत असल्यासारखा."

बुडणारं लहान मूल हातपाय मारत नाही, ओरडत नाही. सिनेमात ओरडतं. खरं मूल गुपचूप खाली जातं, शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. आम्हाला हे शिकवतात. डॉक्टरांना ते शिकवायची गरज नव्हती, त्यांची स्वतःची लेक तशीच गेली होती.

"डॉक्टर, आवाज आला नव्हता," मी म्हटलं.

ते उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत राहिला. ते परत आलेच नाहीत.

३

काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आतल्या खोलीत बसल्या होत्या, खिडकीकडे पाठ करून. खिडकीतून तलाव दिसत होता. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

"खुर्ची फिरवून देऊ का, काकू? उजेड येईल."

"नको गं." त्या सहज म्हणाल्या. "समोर कुणी बघत बसलं तर ती यायची नाही. लाजते."

"कोण?"

"आमची ठकी."

त्या इतक्या साधेपणानं बोलल्या, की क्षणभर मीही दाराकडे पाहिलं.

"आतापर्यंत यायची," काकू पुढे म्हणाल्या. "आधी मला वाटायचं, माझेच भास. मग पावलं दिसायला लागली. ओली. एवढीएवढीशी." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "पाण्याच्या पायरीपासून निघायची ती थेट फाटकापर्यंत. आणि एक सांगू? आत जाणारी पावलं नसायची कधी. फक्त बाहेर येणारी. म्हणजे बघ, ती आतच असते. आतून बाहेर यायची."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ऊन होतं, रस्त्यावर माणसं बोलत होती, तरी आला.

"ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गोळी घे आणि झोप."

"आता नाही दिसत पावलं?"

काकूंचा चेहरा पडला. रुसलेल्या मुलीची आई करते तसा त्यांनी चेहरा केला.

"त्या शिवणवाल्या बाईची पोर गेली ना, त्या दिवसापासून एकदाही आली नाही. रुसलीय. आणि रुसेल नाही तर काय, ह्यांनी फाटकाला साखळी घातलीय." त्या पुढे वाकल्या आणि माझा हात धरला. हात थंडगार होता. "तू सरकारी माणूस आहेस ना? मग ह्यांना सांग, साखळी काढा म्हणून. कोंडून ठेवल्यावर कुठलं मूल रुसणार नाही?"

४

क्लोरीनवाला कोठडीत गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको होती. ती दिवसभर तिथंच असते, असं हवालदार म्हणाला. माझ्याकडे तिनं अशी नजर टाकली की मी नजर वळवली.

"मॅडम, देवाशप्पथ, पोर आत नव्हती," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा ती आईच्या मशीनखाली बसून चिंध्यांची बाहुली करत होती. मला दाखवलीपण तिनं. 'हिला डोळे नाहीत,' म्हणाली."

"पाण्यात बदक होतं का, तू निघालास तेव्हा?"

"बदक? नाही. मी सगळं पाणी जाळीनं काढलं. पान ठेवत नाही मी पाण्यात, बदक ठेवीन?"

"संध्याकाळी का जात नाहीस तिथं? डॉक्टर म्हणाले, तुला संध्याकाळची वेळ दिली होती, तू दुपारची मागून घेतलीस."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "हसाल तुम्ही."

"मला हसायची फार सवय नाही."

"एकदा उशीर झाला होता. दिवे लागायच्या सुमाराला गेलो. फाटक सताड उघडं. कुणी धरलेलं नाही, मागे कुणी नाही, आणि स्प्रिंगचं फाटक उघडं उभं! आणि फरशीवर ओली पावलं. लहान पोराची. पाण्यातून निघालेली, ताजी, अजून वाळत होती. मी बादली तिथंच टाकली आणि पळत सुटलो."

"पावलं कुठल्या दिशेची?"

"बाहेर येणारी." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आत जाणारं एकही नव्हतं, मॅडम. मी बघितलं ना नीट. काय होतं ते?"

काकूंचं दुःख त्यांना पावलं दाखवत होतं, असं मी धरून चालले होते. दुःख या माणसाला कशाला पावलं दाखवेल?

५

शिवणवाल्या बाईच्या खोलीत मशीन उघडं होतं, त्यावर अर्धवट शिवलेलं झबलं. मशीनखाली चिंध्यांची बाहुली पडली होती. डोळे नसलेली. म्हणजे तेवढं तरी क्लोरीनवाल्यानं खरं सांगितलं होतं.

"तो गेल्यावरसुद्धा भिंगरी इथंच होती," ती म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "मी दिवा लावला, तिला बिस्किट दिलं. पोलिस म्हणतात, तुम्हाला नीट आठवत नाही. आईला आठवत नाही होय? मग मशीन चालवायला बसले. मशीनच्या आवाजात काही कळत नाही हो, ताई. मान वर केली तेव्हा डॉक्टरकाका ओरडत होते."

"तिच्याकडे रबराचं बदक होतं?"

"नाही. कुठलं बदक?"

"पाण्याची आवड होती तिला?"

"नळाखाली खेळायची. रोज फ्रॉकचा घेर ओला करून यायची. मी रागवायचे." तिनं कोपऱ्यातल्या दोरीवरचा एक लाल फ्रॉक ओढला आणि उराशी धरला. मग शिवणाऱ्या माणसाची सवय जागी झाली, तिनं तो माझ्यासमोर पसरला. "हा बघा. नवा शिवला होता, चांगलं पक्क्या रंगाचं कापड म्हणून आणलं. खालून सगळा रंग गेला. पार पांढरा पडला. वर आहे तसाच आहे. मी दुकानात जाऊन भांडले त्या माणसाशी. म्हटलं, असलं कापड देता?"

मी घेर हातात घेतला. खालची वीतभर पट्टी विटून गुलाबी-पांढुरकी झाली होती. वरच्या कापडाला काहीही झालं नव्हतं.

नळाच्या पाण्यानं असा रंग जात नाही. मी फ्रॉकची घडी करून तिच्या हातात दिली. तेव्हा तिला काही सांगायचं धाडस मला झालं नाही.

६

मी पुन्हा फाटकाशी गेले. सूर्य खाली आला होता, कुंपणाच्या गजांच्या सावल्या पाण्यात पडल्या होत्या. बदक अजून तिथंच होतं. कुणी काढलंच नव्हतं.

फाटकाची तपासणी म्हटलं की सगळे खटक्याची बाजू बघतात. पोलिसांनी तीच पाहिली, सकाळी मीही तीच पाहिली. आता मी बिजागरीच्या बाजूला जाऊन बसले. खाली, जमिनीपासून वीतभरावर, खांबाचा हिरवा रंग खरवडला गेला होता. एकदा नाही, पुष्कळदा. आणि त्या खरवडीत गुलाबी रबराचा माग होता.

फाटकाच्या आणि खांबाच्या मधे तिथं काही कोंबलं, की स्प्रिंग कितीही ताकदीची असली तरी फाटक मिटत नाही. उघडं उभं राहतं, जसं क्लोरीनवाल्याला दिसलं. कोंबलेलं काढून घेतलं की आपोआप मिटतं, खटका पडतो आणि काही घडलंच नाही असं दिसतं.

बंगल्याच्या मागच्या दारात चपलांची मांडणी होती. डॉक्टरांचे बूट, काकूंच्या सपाता, आणि खालच्या फळीवर एकच चिमुकली गुलाबी रबरी चप्पल. डाव्या पायाची. आठवण म्हणून ठेवलेली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. पण आठवणीच्या वस्तूवर धूळ बसते. ही स्वच्छ होती, मधोमध चेपलेली होती, आणि चेपलेल्या जागी हिरवा रंग लागला होता.

मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला सगळं कळलं होतं आणि ते कळलं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

कुंपणाकडून साखळीचा आवाज आला. वळून पाहिलं तर काकू फाटकाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी साखळी हलवत होत्या आणि हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं, गजांतून आत कुणाशी तरी बोलत होत्या.

७

"आवाज आला म्हणून तुम्ही तलावाकडे गेला नाहीत," मी डॉक्टरांना म्हटलं. आम्ही दिवाणखान्यात होतो. चप्पल मेजावर ठेवली होती. "तुम्ही रोजच आधी तिकडे जात होता. ही काढायला."

या वेळी ते हात धुवायला उठले नाहीत.

"कुंपण घातलं तेव्हा वाटलं, आता ही शांत होईल," ते म्हणाले. "उलटंच झालं. पोरीला कोंडलंत, म्हणाली. दिवस मावळला की ती फाटकात चप्पल अडकवून यायची. ठकीला बाहेर यायला. घरी आलो की मी काढून मांडणीत परत ठेवायचो. तिला कधी बोललो नाही, तीही मला बोलली नाही. तेवढ्यानं तिला झोप लागते, तर लागू दे, असं म्हणायचो."

"आणि दिवस मावळल्यापासून तुम्ही येईपर्यंत?"

"आमच्या घरात मूल नव्हतं."

"मागच्या खोलीत होतं."

त्यांनी चप्पल हातात घेतली.

"त्या दिवशी वाकलो, चप्पल काढली. फाटक मिटलं. रोजची सवय, हात आपसूक करतो. मग आत नजर गेली. बॅग टाकली, खटका ओढला, धावलो. हॉस्पिटलात खिशात हात घातला तेव्हा कळलं की चप्पल माझ्याजवळ आहे." त्यांनी ती परत मेजावर ठेवली. "त्या माणसाचं नाव मी घेतलं नाही, बाई. खरंच नाही घेतलं."

"पण दुसऱ्यांनी घेतलेलं खोडलंतही नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय आणि तुम्ही हात धूत बसलाय." मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "कुंपण बांधलं की मालकाचं काम संपलं, असं कायदा म्हणत नाही. ते बंद राहतंय का, हे बघणं मालकाचं काम. उघडं राहतं हे तुम्हाला रोज दिसत होतं. हात तिचा असेल, जबाबदारी तुमची आहे."

"मान्य." ते लगेच म्हणाले. जणू कुणीतरी असं म्हणावं याची ते वाट बघत होते. "चला पोलिसांकडे. मी सांगतो, चप्पल मी अडकवायचो. मीच. तिला नका मधे आणू. ती पावलं ठकीची आहेत असं ती धरून बसलीय, त्यावर जगतेय. तेवढं राहू द्या."

"आणि बदक?"

"कसलं बदक?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

८

त्यांनी पोलिसांसमोर जे होतं ते सांगितलं. मी शेजारी बसले होते, त्यामुळे चप्पल स्वतःवर घेता आली नाही. "बायको अडकवायची आणि मी बघत होतो," असं त्यांनी म्हटलं तेव्हा अधिकाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. डॉक्टरांवर खटला उभा राहणार होता, आणि तसा तो राहिलाही. क्लोरीनवाला त्याच दिवशी सुटला. बायको त्याचा दंड धरून उभी होती. त्याला एकच विचारायचं होतं.

"मॅडम, मग ती पावलं कुणाची?"

मी सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"भूत असतं तर बरं झालं असतं हो," तो म्हणाला.

माझं एक काम उरलं होतं. काकूंना सांगायला लागू नये म्हणून मी पुष्कळ वाटा शोधल्या. पण साखळीची किल्ली आज ना उद्या त्यांना सापडली असती. आत मूल कोंडलंय असं ज्या घरात कुणी धरून बसलंय, त्या घराला जगातलं कुठलंही कुंपण पुरत नाही. आळीत पोरं काय कमी आहेत?

काकू खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मी समोर बसले आणि गुलाबी चप्पल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बदक तुम्ही सोडलंत ना, काकू?"

"हो." त्या खुलल्या. "ठकीचंच आहे. पावलं रोज यायला लागली, तेव्हा म्हटलं, पोर एवढी येते तर तिला खेळायला नको का काही? माळ्यावरून काढलं. त्याच दिवशी पहिल्यांदा सोडलं."

"काकू, पावलं फक्त बाहेर यायची. आत जाणारी नव्हती."

"नव्हतीच मुळी."

"बाहेरून येणाऱ्या मुलाचे पाय..."

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू ओसरत गेलं.

"कोरडे असतात," त्या म्हणाल्या. "कोरड्या पावलांचे ठसे उठत नाहीत."

मी मान हलवली.

"आणि ती पोर गेल्यापासून पावलं थांबली." त्या एकेक शब्द स्वतःलाच सांगत होत्या. "म्हणजे माझी रुसली नाहीये. माझी कधी आलीच नव्हती."

त्या रडतील, किंचाळतील, मला बाहेर घालवतील, असं मला वाटलं होतं. त्या उठल्या. खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि तलावाकडे नीट, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मग चप्पल घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागे गेले. फाटकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या शिवणवाल्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

ती जमिनीवर बसली होती, लाल फ्रॉक मांडीवर घेऊन.

"तुझी पोर रोज येत होती गं," काकू म्हणाल्या. "पायरीवर पाय बुडवून परत जायची. ओली पावलं बघून मी तिला माझी समजले. माझी बाहेर यावी म्हणून मी फाटक उघडं ठेवायचे. आणि तिला खेळायला बदक सोडलं. मी सोडलं."

तिनं वर पाहिलं. ती आता काकूंच्या अंगावर धावून जाईल असं वाटून मी पुढे झाले. पण ती तशीच बसून राहिली. तिचा हात फ्रॉकच्या घेरावर गेला, विटलेल्या पट्टीवरून इकडून तिकडे फिरला आणि थांबला. तिला समजलं होतं.

"म्हणजे हे तुमच्या क्लोरीनच्या पाण्यानं," ती म्हणाली. "एवढे दिवस माझ्या हातात होतं हे. मीच धूत होते. आणि मी त्या दुकानदाराशी भांडून आले."